नव्या शालेय वर्षाच्या उंबरठ्यावर

(आषाढ पौर्णिमेच्या कौटुंबिक मेळाव्यात लंडन येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आषाढ पौर्णिमा. आजपासून अश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने भिक्षुसंघ एके ठिकाणी वास्तव्य करून अध्ययन, चिंतन आणि उपदेश यांत व्यतीत करतो. योगायोग असा, की इंग्लंडमधील शाळांची सुमारे सहा आठवड्यांची उन्हाळी सुट्टी आणि सप्टेंबरमध्ये सुरू होणारे नवे शालेय वर्ष, दोन्ही याच वर्षावासात येतात. तेव्हा वर्षावास हा केवळ विहारात जाऊन ग्रंथश्रवण करण्याचा काळ न मानता, आपल्या पाल्यांच्या शिक्षणाची घरात बसून तयारी करण्याचाही काळ मानावा, एवढेच निवेदन करण्यासाठी मी आपल्यासमोर उभा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची शाळा जूनच्या पहिल्या पावसात सुरू झाली. नवी पाटी, मोठ्या भावाची जुनी पुस्तके, त्यांना घातलेली वर्तमानपत्राची वेष्टने, हीच आपली तयारी. आई-वडील शाळेत जात ते गुरुजींनी तक्रार करण्यासाठी बोलावले तरच. इथली व्यवस्था वेगळी आहे. इथे पालकाने आपण होऊन पुढे यावे अशी शाळेची अपेक्षा असते. जो येत नाही त्याला शाळा बोलवायला जात नाही, आणि त्याचे नुकसान मात्र मुलाला सोसावे लागते. म्हणून प्रथम काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. नव्याने आलेल्या कुटुंबांना त्यांचा विशेष उपयोग व्हावा.

इंग्लंडमध्ये शालेय वर्षाची गणना १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट अशी होते. चार वर्षे पूर्ण झालेले मूल त्यानंतरच्या सप्टेंबरात रिसेप्शनच्या वर्गात जाते आणि अकरा वर्षे पूर्ण झाल्यावर माध्यमिक शाळेत, म्हणजे इयर सेव्हनमध्ये प्रवेश करते. माध्यमिक शाळेसाठी अर्ज आदल्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि रिसेप्शनसाठी १५ जानेवारीपर्यंत स्थानिक कौन्सिलकडे करावा लागतो. निकाल अनुक्रमे १ मार्च व १६ एप्रिलच्या सुमारास कळतो. ज्यांचे मूल या सप्टेंबरात इयर सिक्समध्ये जाईल, त्यांच्या हाती शाळा सुरू झाल्यावर जेमतेम दोन महिने उरतात. अर्जात एकाच शाळेचे नाव लिहून थांबू नका. जितके पर्याय देण्याची मुभा आहे तितके सर्व भरा. कारण एकच नाव लिहिल्याने त्या शाळेतील प्रवेशाची शक्यता वाढत नाही. काही धर्मसंस्थांच्या शाळांत जागांपेक्षा अर्ज अधिक आले, तर त्या धर्माच्या कुटुंबांना अग्रक्रम मिळू शकतो, हेही ध्यानात ठेवा. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या बांधवांच्या शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात आणि त्यांचे नियमही निराळे आहेत; त्यांनी आपल्या कौन्सिलकडे चौकशी करावी.

गणवेशाचा खर्च हा अनेकांच्या चिंतेचा विषय असतो. वापरलेले चांगले गणवेश पालकांना मिळतील अशी सोय शाळांनी ठेवावी, असे सरकारी मार्गदर्शन आहे. तेव्हा शाळेच्या कार्यालयात विचारण्यात कमीपणा मानू नये. रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या वर्गांतील मुलांना सरकारी शाळांत २०१४ पासून दुपारचे जेवण विनामूल्य मिळते. घरी वरण-भात, भाकरी खाणारे मूल पहिल्या दिवशी त्या ताटाकडे पाहून गोंधळते. म्हणून सुट्टीत दोन-चार वेळा तसे पदार्थ घरी करा. काटा-सुरी धरायला शिकवा. डबा आपला आपण उघडता येतो ना, बुटाची नाडी बांधता येते ना, हे पाहा. शाळा उघडण्यापूर्वी दोन आठवडे झोपेची वेळ हळूहळू मागे आणा. या देशात उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि मुले अकराअकरापर्यंत जागतात. मग पहिला आठवडा जांभया देण्यातच जातो.

बंधू-भगिनींनो, पुस्तकांविषयी बोलताना दोन पित्यांची तुलना करण्याचा मोह मला आवरत नाही. एक पिता म्हणजे आपण. दुसरे सुभेदार रामजी सकपाळ. परळच्या चाळीतील एका खोलीत त्यांचा संसार होता. त्यांनी भिवाला लवकर झोपवावे, उत्तररात्री उठवून अभ्यासाला बसवावे, आणि पुस्तकांसाठी पैसा नसला तर विवाहित मुलींकडून उसना घ्यावा. रामजींनी मुलाला जागा, वेळ आणि पुस्तक या तीन गोष्टी दिल्या. आपल्यापैकी बहुतेकांची घरे त्या खोलीपेक्षा मोठी आहेत. परंतु त्या घरात मुलाला अभ्यासाची ठरलेली जागा आहे काय? दूरदर्शन संच बंद होण्याची ठरलेली वेळ आहे काय? आपण स्वतः भ्रमणध्वनी बाजूला ठेवून मुलाशेजारी अर्धा तास बसतो काय? मूल सांगितलेले ऐकत नाही, पाहिलेले करते.

पुस्तके विकतच घ्यावी लागतात असेही नाही. येथील सार्वजनिक ग्रंथालयांत मुलांना सभासदत्व विनामूल्य असते, आणि १९९९ पासून दर उन्हाळ्यात समर रीडिंग चॅलेंज हा उपक्रम तेथे चालतो. प्राथमिक शाळेतील मुले त्यात भाग घेऊन सुट्टीभर पुस्तके वाचतात. ज्या शहरातील ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात बाबासाहेबांनी दिवसचे दिवस अभ्यास केला आणि जेथून १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी संपादन केली, त्या शहरात आपली मुले वाढत आहेत. सुट्टीतील एक दिवस काढून त्यांना कॅम्डेनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरी न्या. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब जेथे राहिले ते हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. नेण्यापूर्वी ते पाहण्यास केव्हा खुले असते याची चौकशी करा.

मराठीविषयी एक शब्द. घरात मराठी बोलल्याने मुलाचे इंग्रजी कच्चे राहील, ही भीती मनातून काढून टाका. मूल दोन भाषा सहज पेलते. आपले मोडके इंग्रजी ऐकून शिकण्यापेक्षा आपली समृद्ध मराठी ऐकून त्याची समज अधिक वाढते. एक साधे उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये इयर फोरच्या मुलांची जून महिन्यात पाढ्यांची चाचणी होते. पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, बारा बारांपर्यंत. ज्या समाजात आजोबा तीसपर्यंतचे पाढे तालावर म्हणत, त्या समाजाच्या नातवाने या चाचणीला घाबरावे काय? रविवारी गावी दूरध्वनी कराल तेव्हा आजोबांना सांगा, की नातवाकडून एक पाढा म्हणवून घ्या. पाढाही पाठ होईल आणि आजोबाही पाठ राहतील.

आता ज्या विषयासाठी मी मुख्यत्वे उभा राहिलो, त्याकडे वळतो. दप्तर, गणवेश, डबा ही झाली बाहेरची तयारी. आतल्या तयारीचे काय?

शाळेत आपल्या मुलाला विचारले जाते, तू कोण? शिक्षिका सद्भावनेनेच गृहीत धरतात की भारतातून आलेले मूल म्हणजे हिंदू. धर्मशिक्षणाच्या तासाला बौद्ध धम्माचा पाठ येतो, त्यात चित्रे असतात तिबेटची, थायलंडची. आपले मूल हात वर करून म्हणते, आम्ही बौद्ध आहोत, आणि वर्ग चकित होतो. पुढे काय सांगावे हे त्याला ठाऊक नसते, कारण आपण ते कधी सांगितलेले नसते. त्याला चार सोपी वाक्ये शिकवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माझे आजी-आजोबा त्या परंपरेतले. आम्ही सर्व माणसांना समान मानतो. म्हणून आम्ही बौद्ध आहोत. धर्मशिक्षणाच्या तासातून मूल काढून घेण्याचा अधिकार कायद्याने पालकांना आहे. माझे मत असे, की तो वापरू नये. मुलाने सर्व धर्म समजून घ्यावेत. उलट आपणच शिक्षिकेला पत्र लिहून विचारावे, की या पाठाच्या वेळी आम्ही येऊन मुलांशी दहा मिनिटे बोलू काय?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो बहुधा शिक्षिका विचारत नाहीत. तो मधल्या सुट्टीत एखादे भारतीय मूलच विचारते: तुमचे आडनाव काय, तुम्ही कोणापैकी? या प्रश्नाच्या धास्तीने काही घरांत मुलांना शिकवले जाते, की विचारले तर विषय बदल, घरातला बाबासाहेबांचा फोटो कोणाला सांगू नकोस. मी त्या आई-बापांना दोष देत नाही. त्यांनी जे सोसले ते मुलांच्या वाट्याला येऊ नये, ही त्यांची तळमळ आहे. परंतु लपवायला शिकवताना आपण मुलाला नकळत हेही शिकवतो, की आपल्यात लपवण्यासारखे काही आहे. ज्या न्यूनगंडातून बाहेर पडण्यासाठी आपल्या पूर्वजांनी दीक्षा घेतली, तोच न्यूनगंड आपण विमानाने इथे आणून मुलाच्या दप्तरात भरतो.

काही पालक म्हणतात, मुले इथे जन्मली, त्यांना जात ठाऊकच नाही, मग कशाला सांगायची? हे म्हणणे वरवर बरोबर वाटते. परंतु आपण सांगितले नाही म्हणून ते मुलाला कळणार नाही, असे नाही. ते त्याला एखाद्या परक्याकडून, बहुधा चेष्टेच्या स्वरात कळेल, आणि त्या क्षणी आपण त्याच्याजवळ नसू. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की माध्यमिक शाळेत जाण्यापूर्वी, दहाव्या-अकराव्या वर्षी, हे आपणच सांगावे. शांतपणे, न घाबरवता, द्वेष न पेरता.

कसे सांगावे? बाबासाहेबांनीच त्याची सोय करून ठेवली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या छोट्या आत्मकथनात १९०१ सालचा एक प्रसंग आहे. वडील कोरेगावला नोकरीस होते. उन्हाळी सुट्टीसाठी त्यांच्याकडे जायचे म्हणून भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे नवे कपडे, नव्या टोप्या, नवे बूट घालून साताऱ्याहून आगगाडीने निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. वडिलांना पत्र पोचले नव्हते, त्यामुळे घ्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुले महारांची आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवान गाडीत बसवून घेईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर, की मुलांनी गाडी हाकावी आणि त्याने पायी चालावे. डब्यात अन्न होते, पण पाणी कोणी देईना, म्हणून मुले उपाशी राहिली. तेव्हा भीमरावांचे वय दहा वर्षांच्या आसपास होते, म्हणजे आपल्या इयर फाइव्ह-सिक्सच्या मुलाएवढे. सुट्टी, नवे कपडे, प्रवासाचा आनंद, हे सारे आपल्या मुलाला समजते; म्हणून पुढचेही समजते. हा प्रसंग त्याच्यासोबत वाचा. मग विचारा, यात चूक कोणाची होती? मूल बरोबर उत्तर देईल. ते उत्तर एकदा त्याचे स्वतःचे झाले, की मधल्या सुट्टीतला प्रश्न त्याला बोचणार नाही. ते सांगेल, आम्ही जात मानत नाही, आणि डबा उघडून खाऊ लागेल.

तरीही चेष्टा, छळ झाला तर? मुलाला सांगा, की शिक्षकांना सांगणे म्हणजे चुगली नव्हे. शाळेला छळ रोखण्यासाठी धोरण ठेवावेच लागते. आपण काय घडले, केव्हा घडले, हे तारखेसह लेखी कळवावे आणि शाळेकडून लेखी उत्तर मागावे. कायद्याची स्थितीही माहीत असावी. २०१० च्या समानता कायद्यात जात हा शब्द स्पष्टपणे घालण्याचे दायित्व संसदेने २०१३ मध्ये सरकारवर टाकले होते; परंतु ते करणार नाही असे सरकारने २०१८ मध्ये जाहीर केले. मात्र २०१४ मधील एका खटल्यात अपील लवादाने मान्य केले, की काही प्रसंगी जातीचा अंतर्भाव वांशिक मूळ या संज्ञेत होऊ शकतो. म्हणजे दार पूर्ण उघडलेले नाही, पण बंदही नाही. शिक्षिकेला जात म्हणजे काय हे बहुधा ठाऊक नसते. ते समजावून सांगण्याचे काम आपल्याला करावे लागेल.

भगिनींनो आणि बंधूंनो, एक इशारा देऊन आवरते घेतो. बाबासाहेबांच्या प्रतिमेचा उपयोग छडीसारखा करू नका. ‘ते अठरा तास अभ्यास करीत, आणि तू?’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. त्याने मूल अभ्यासाला लागत नाही, प्रतिमेकडे पाहायचे टाळू लागते. शेजारच्याच्या मुलाला ग्रामर स्कूल मिळाले म्हणून आपल्या मुलाची झोप उडवू नका. आणि मुलगा अभ्यासाला बसला असताना मुलीला भांडी घासायला उठवू नका. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कहून १९१३ मध्ये लिहिलेल्या पत्रात मुलांच्या बरोबरीने मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला होता; त्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली.

शेवटी संस्थेला तीन सूचना. ऑगस्टमधील एका रविवारी विहारात गणवेश व पुस्तकांची देवघेव ठेवावी. सप्टेंबरात प्रवेश-अर्ज भरण्यासाठी अनुभवी पालकांनी नव्या कुटुंबांसोबत बसावे. आपल्यातील परिचारिका, वाहनचालक आणि रात्रपाळी करणारे इतर पालक अनेकदा शिक्षकांच्या भेटीला जाऊ शकत नाहीत. त्यांना वेळ बदलून मागण्याचे पत्र लिहून देण्याचे काम महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी उचलावे. या कामांना निधी लागत नाही, माणसे लागतात, आणि ती या सभागृहात बसलेली आहेत. नावे नोंदवण्याची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जेवायला जाण्यापूर्वी कृपया तिच्यात आपले नाव लिहावे.

 सर्व बालकांना नव्या वर्षासाठी मंगल कामना.

जयभीम! नमो बुद्धाय!