वीस किलो म्हणजे किती?

आज बोलूया काठीबद्दल.

आमच्या गटातल्या एक काकू गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "वॉकर घेऊन चाला, पण या पायावर वीस किलोच भार द्या." आम्ही माना डोलावल्या. घरी आल्यावर प्रश्न पडला, वीस किलो पायाला कळणार कसे? भीतीनं काकूंनी पाय टेकलाच नाही. मांडी सुकत चालली.

तालुक्याच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं, यासाठी आता सेन्सरच्या काठ्या, कुबड्या निघाल्या आहेत. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात वजन मोजणारा जो भाग असतो, तसाच काठीत बसवतात. हातानं काठीवर किती भार टाकला ते तो मोजतो. काठीवर भार कमी पडला, म्हणजे पायावर जास्त गेला, की काठी आवाज करून सावध करते.

तशी काठी आपल्याकडे नाही. मग ताईंनी साधा वजनकाटा मागवला. शेजारी तेवढ्याच उंचीची फळी ठेवली. वॉकर धरून चांगला पाय फळीवर, दुखरा काट्यावर. वीसवर आकडा येईपर्यंत हळूहळू दाबायचं. सून शेजारी उभी. असं रोज केलं, आणि पायाला वीस किलो ओळखू यायला लागले.

मात्र वीस हा आकडा काकूंचा. तुमचा आकडा किती आणि तो कधी वाढवायचा, हे डॉक्टरांना विचारा, कागदावर लिहून घ्या. शिकवायला फिजिओथेरपिस्ट हवाच.

साध्या काठीचंही माप असतं. ताठ उभं राहून हात खाली सोडला की मूठ मनगटाशी यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. खालचं रबर झिजलं की लगेच बदलायचं. साठीपुढच्या गरीब ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून काठी, कुबड्या, वॉकर मोफत मिळतात. ही योजना 2017 पासून आहे. ग्रामपंचायतीत चौकशी करा.

आता काकू एका काठीवर गटाच्या बैठकीला येतात. परवा आल्या त्या शेजारच्या आजींची काठी घेऊन. म्हणाल्या, "हिचं रबर बघा गं, पार गुळगुळीत झालंय." मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर तुम्हीही बघा.