हातउसने आणि नाते
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी पैशाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु माझी पुष्कळ वर्षे वकिलीत गेली, आणि बायकांचे पैसे परक्यांपेक्षा आपल्याच माणसांत अधिक अडकलेले मी पाहिले.

घरच्या माणसाला दिलेले पैसे कर्ज केव्हा ठरतात? ते परत करावयाचे, असे दोघांनी ठरविले असेल तेव्हा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी ठरलेले कर्जही कर्जच. अडचण येते ती पुराव्याची. "ताईने प्रेमाने दिले होते," असे समोरचा म्हणाला की कर्जाचे बक्षीस होते, आणि दिलेले बक्षीस परत मागता येत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकीकत सांगते. त्यांनी २०१५ साली धाकट्या भावाला दुकानासाठी दोन लाख रुपये दिले. "सवडीने दे," एवढेच बोलणे झाले. २०१९ मध्ये भाऊ अकस्मात वारला. भावजयीला या व्यवहाराची काहीच कल्पना नव्हती. दोघी माझ्यासमोर बसून रडल्या. कोणीच लबाड नव्हते. नव्हता तो फक्त कागद. शिवाय मुदतही उलटून गेली होती.

ही मुदत नीट ध्यानात घ्या. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उसन्या पैशांचा दावा ३ वर्षांच्या आत लावावा लागतो. फेडीची तारीख ठरली असेल तर ती ३ वर्षे त्या तारखेपासून धरतात. "मागेन तेव्हा दे," असे ठरले असेल, तर मात्र पैसे दिल्या दिवसापासूनच! आपण संकोचाने मागत नाही, आणि दिवस मोजले जात राहतात.

मग करावे काय? पैसे चेकने किंवा बँकेतून द्यावेत. २०,००० रुपये वा अधिक कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. पण बँकेच्या नोंदीवरून पैसे गेले एवढेच कळते, कशासाठी गेले ते कळत नाही. म्हणून वचनचिठ्ठी लिहून घ्यावी: रक्कम, तारीख, व्याज असल्यास त्याचा दर, आणि रेव्हेन्यू स्टँपवर घेणाऱ्याची सही. तीन वर्षे भरण्यापूर्वी "इतके देणे बाकी आहे," असे सहीनिशी लिहून घेतले, की मुदत नव्याने सुरू होते. मुदत टळली असली तरी ऋणकोने "हे जुने देणे मी फेडीन," असे लिहून सही केली, तर करार कायद्याचे २५ वे कलम ते वचन बंधनकारक मानते.

दागिन्यांविषयीही एक शब्द. नवऱ्याच्या अडचणीत बांगड्या काढून दिल्या, म्हणून त्या त्याच्या होत नाहीत. स्त्रीधनावर पत्नीचीच मालकी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. त्यांचीही यादी करून ठेवा.

"आपल्या माणसाकडे कागद कसा मागायचा?" असे तुम्ही विचाराल. कागद अविश्वासाचा नसतो. आपण दोघे नसताना मागे राहणाऱ्यांना खरे काय ते कळावे, म्हणून तो असतो. देण्यासारखे असेल तर बक्षीस म्हणूनच द्या, आणि तसे मोकळेपणी सांगा. उसने असेल तर उसने म्हणून लिहा.

आज घरी गेल्यावर वही काढा आणि तारखा पाहा. कुणाची तीन वर्षे भरत आली असतील, तर याच आठवड्यात सही घ्या.