नावाने सोडलेले पाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार त्यांच्या विद्यार्थ्यांचा. मी त्यांच्या हाताखाली शिकलो नाही. मात्र दरवर्षी ठरल्या दिवशी आपण इतकी माणसे कामे टाकून येथे येता आणि एका शिक्षकाचे नाव घेता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटत आली आहे. म्हणून विषय विचारला गेला तेव्हा ‘स्मरण’ हाच घ्यावा असे ठरवले. त्यातही एका जातीचे स्मरण. घरातले माणूस वय होऊन जाते तेव्हा त्याचे काय करायचे हे आपल्याला परंपरेने ठाऊक असते. पण गोळीबारात, दंगलीत, सगळ्यांच्या म्हणून जाहीर झालेल्या दुःखात माणूस जातो तेव्हा साधी माणसे त्याला कशी आठवतात, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. सरकार काय करते आणि इतिहासकार काय लिहितात, तो भाग मी आज बाजूला ठेवणार आहे.

या प्रश्नाकडे मी वळलो तो पुस्तकांमुळे नव्हे. सांगायला थोडा संकोच वाटतो, पण वयाच्या सत्तरीनंतर संकोच किती दिवस बाळगायचा?

१९८१ साली मी सीमाभागातल्या एका महाविद्यालयात तरुण प्राध्यापक होतो. त्या वर्षी १४ मार्चला निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर तंबाखू उत्पादक शेतकरी येऊन बसले. शरद जोशींची शेतकरी संघटना, प्रा. सुभाष जोशींसारखे निपाणीतले कार्यकर्ते, आणि मागणी एकच: तंबाखूला किलोला किमान दहा रुपये भाव. आज ही मागणी ऐकणाऱ्याला किरकोळ वाटेल. परंतु ज्याचे वर्षाचे पीक वखारीच्या दारात वजनाला लागते, भाव दुसरा ठरवतो आणि पैसे कधी मिळतील हेही दुसराच ठरवतो, त्याला दहा रुपये हा आकडा म्हणजे पोरीचे लग्न आणि सावकाराचा दरवाजा यांच्यामधली भिंत होती. त्या वस्तीला लोकांनीच ‘आंदोलननगर’ म्हटले. तिथे मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा शेतकरी एका चुलीवरची भाकरी खात होता. सीमाभागात हे सांगितलेच पाहिजे, कारण भाषेवरून आपण इतके भांडलो आहोत की भावावरून आपण एकत्र बसलो होतो याचा आपल्याला विसर पडतो.

मी एकदा संध्याकाळी चार विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो. बैलगाड्या, कंदील, भजनाचा आवाज. मी भारावलो, परत आलो आणि पुन्हा गेलो नाही. परीक्षा जवळ आल्या होत्या. ६ एप्रिलला आंदोलकांना हटवण्याची कारवाई झाली, गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मरण पावले. त्या दिवशी मी घरी उत्तरपत्रिका तपासत होतो. हे मी कोणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे त्यात काही नव्हतेही. मी तिथे असतो तरी काय करू शकलो असतो? तरीही त्या तारखेला लाल शाईची ती बाटली माझ्या डोळ्यांसमोर येते.

पुढे मी त्या प्रसंगावर अनेकदा बोललो. सहा एप्रिलला निपाणीत अभिवादनासाठी माणसे जमतात. एकदोनदा मलाही बोलावले गेले. माझे भाषण ठरलेले असे: बारा हुतात्मे, बारा घरांतले दिवे, बारा बलिदाने. मराठीच्या प्राध्यापकाला अशी वाक्ये सुचायला वेळ लागत नाही. काही वर्षांपूर्वी भाषण संपल्यावर एक वृद्ध बाई मंडपाच्या कडेला थांबल्या होत्या. जन्मभर तंबाखूच्या वखारीत राबलेल्या; बोटांवर तो रंग अजून होता. मी नमस्कार केला. त्या म्हणाल्या, “सर, बारा बारा काय म्हणतायसा? नावं घ्या की त्येंची. आणि बलिदान कशाचं? ती मानसं मराय गेली नव्हती, दर मागाय गेली होती.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. बारापैकी किती नावे मला येत होती? तीन, फार तर चार. इतकी वर्षे मी आकडा बोलत होतो.

घरी येऊन मी माझ्या धंद्याचीच पहिली गोष्ट केली; शब्द तपासले. ‘हुतात्मा’ हा शब्द सावरकरांनी मराठीला दिलेल्या शब्दांत मोजला जातो. हुत म्हणजे होमात अर्पिलेले; ज्याने स्वतःला आहुती म्हणून दिले तो. फार तेजस्वी शब्द आहे. पण त्यात एक गृहीत आहे, की जाणारा जायला तयार होऊन निघाला होता. ‘शहीद’ हा अरबीतून आलेला शब्द. त्याचा मुळातला अर्थ साक्षीदार. इंग्रजांच्या ‘मार्टर’चेही ग्रीक मूळ तेच, साक्षीदार. आणि आपल्या खेड्यातला माणूस काय म्हणतो? “गोळीत गेला.” जसे “प्लेगात गेला,” “पुरात गेला.” यात तेज नाही, पण खोटेही काही नाही. कोणी दिले, कोणी घेतले, याचा निवाडा त्यात नाही. माणूस होता आणि गेला, एवढीच नोंद आहे. त्या बाईंचे म्हणणे मला आता असे कळते: मोठा शब्द लावला की मेलेल्याची इच्छा आपण ठरवून टाकतो, आणि ज्या कारणासाठी तो बसला होता ते कारण मागे पडते.

साध्या माणसांची ही रीत आजची नाही. आपल्या भागात देवळाच्या आवारात, वेशीजवळ, कधी शेताच्या बांधाला वीरगळ उभे असतात. आपण लहानपणी त्यांना पाठ टेकून बसलो असू. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा सोबत गुरे, कारण गुरे सोडवताना पडलेला माणूस हाच गावाचा वीर. मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत, हा त्याचा अर्थ. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. कर्नाटकात लेख कोरलेले वीरगळ पुष्कळ सापडतात. नाव हरवले तरी लोकांनी दगड टाकून दिला नाही. त्याला शेंदूर लावला, अमावास्येला तेल घातले, कोणाचा तरी म्हणून नव्हे तर आपला म्हणून. आणि शब्द पाहा. वीरगळ यातला ‘गळ’ म्हणजे कन्नडमधला ‘कल्लु’, दगड. मराठी माणूस आपल्या पडलेल्या माणसासाठी जो शब्द वापरतो त्याचा अर्धा भाग कन्नड आहे. मी हे विनोदाने सांगत नाही. या भागात शोक करण्याची भाषा तरी आपण वाटून घेतलेली आहे.

पंचांग उघडले तर आणखी एक गोष्ट दिसते. पितृपक्षात चतुर्दशीला शस्त्राने वा अपघाताने गेलेल्यांचे श्राद्ध, आणि ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. अवचित मेलेल्यांसाठी आपल्या लोकांनी वर्षात एक दिवस राखून ठेवला होता. श्राद्धाचे पाणी आकड्याला सोडता येत नाही. नाव लागते. नाव नसेल तर नातेवाईक नसलेल्यांसाठी म्हणून वेगळे पाणी सोडायचे, पण ‘इतके जण’ असे म्हणून नाही. माझ्या आजीला लिहिता येत नव्हते. तिला घरातल्या गेलेल्या माणसांची नावे तीन पिढ्यांपर्यंत पाठ होती, आणि साल विचारले की ती म्हणे, “प्लेगाच्या मागच्या वर्षी.” तिचे पंचांग दुःखांवर बेतलेले होते. माझ्या पिढीचेही तसेच निघाले: कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ.

आता १९५६ कडे वळतो. या सभागृहात त्याच्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. राज्यरचनेचा निर्णय जाहीर झाल्यावर १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला. मारुती बेन्नाळकर, मधु बांदेकर, महादेव बारागडी, लक्ष्मण गावडे ही नावे दर जानेवारीत बेळगावच्या हुतात्मा चौकात घेतली जातात. निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचेही नाव त्या यादीत आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील मृतांचा आकडा मात्र इतका प्रसिद्ध झाला की तो आकडाच एक शब्द झाला. ‘एकशे पाच’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. पुढे तो एकशे सहा, एकशे सात झाला, आणि त्यावरही वाद झाले. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ स्मारक उभे राहिले. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आपण चित्रांत पाहिले आहेत. ते शिल्प प्रभावी आहे. पण आपल्या घरातला एक माणूस त्या १०५ मध्ये असेल तर त्याचा चेहरा त्या शिल्पात शोधून सापडत नाही, आणि तो सापडावा अशी शिल्पकाराची अपेक्षाही नसते. म्हणून बेळगावचा माणूस चौकात जातो. तिथे नावे मोठ्याने घेतली जातात.

जगात अन्यत्रही लोक याच जागी येऊन पोचले. वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातील मृतांची काळ्या दगडाची भिंत १९८२ साली झाली. तिचा आराखडा माया लिन या विद्यार्थिनीचा होता. भिंतीवर ५८ हजारांहून अधिक नावे आहेत आणि दुसरे जवळजवळ काही नाही. माणसे येतात, आपले नाव शोधतात, त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि तो कागद घरी नेतात. ही आपली वीरगळाला तेल घालण्याचीच रीत वाटते मला.

एका गोष्टीविषयी मी फार बोलणार नाही, पण वगळणारही नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. देश शोकात बुडाला. त्यानंतरच्या दिवसांत दक्षिण महाराष्ट्रात अनेक ब्राह्मण घरे जाळली गेली, माणसे परागंदा झाली. महात्म्याच्या मृत्यूचे स्मरण आपण करतो. त्या घरांसाठी कोठे दगड नाही. ज्यांचे गेले त्यांनी ते घरातच ठेवले, आणि ज्यांनी पाहिले त्यांनीही ओठ मिटले. एका सार्वजनिक शोकाच्या सावलीत दुसरा शोक असा गप्प बसवला जातो. पाणी कोणाच्या नावाने सोडायचे हेच ठरले नाही तर स्मरणाला सुरुवात कोठून करणार?

तर निपाणीच्या त्या बाईंकडे परत येतो. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांचे घर शोधत गेलो. वही घेऊन गेलो होतो, जुनी सवय. त्यांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा मी गोंधळलो, कारण त्या नाव एकटे सांगतच नव्हत्या. अमक्याचा थोरला, तमकीचा दीर, त्याची विहीर कोणत्या वाटेला, घरात म्हैस होती की नव्हती. छापील कागदात नाव, वय, गाव असे तीन रकाने असतात. त्यांच्या बोलण्यात चौथा, पाचवा, सहावा रकाना होता. काही जणांविषयी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “हे आमच्याकडचं न्हवं, चिकोडीकडं इचारा.” काही कन्नड घरांविषयी त्यांनी मला कन्नडमध्येच सांगितले, कारण ती आठवण त्यांच्याकडे त्या भाषेत होती. मला निम्मे कळले. उरलेले मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत उतरवले आणि नंतर एका कन्नड सहकाऱ्याकडून समजून घेतले. ते वाचताना ते बराच वेळ बोलले नाहीत.

ती नावे मी आज येथे वाचून दाखवणार नाही. वही अपुरी आहे, आणि अर्धी नावे घेऊन अर्धी सोडणे मला या वयात करायचे नाही. वही मी सोबत आणली आहे. आभारप्रदर्शन झाल्यावर ती या टेबलावर ठेवीन. आपल्यापैकी अनेकांची सोयरीक निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात आहे. कोणाला एखाद्या गावाचे, घराचे काही ठाऊक असेल, कोठे मी चुकीचे लिहिले असेल, तर ते दुरुस्त करावे. मराठीत, कन्नडमध्ये, जसे येईल तसे. पेन्सिल शेजारीच ठेवली आहे.