नकाशा आखला जातो तेव्हा आपली मुले कोठे असतात?

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘शहराचे नियोजन आणि तरुण’ हा विषय मला देण्यात आला, तेव्हा अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा नगररचनेशी काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. संबंध अगदी जवळचा आहे. विकास आराखडा दिसतो नकाशासारखा. प्रत्यक्षात तो संपत्तीच्या वाटपाचा दस्तऐवज असतो. एखाद्या भूखंडावरचे मैदानाचे आरक्षण उठले की त्या भूखंडाची किंमत अनेक पटींनी वाढते. मालकाने श्रम केलेले नसतात, जमिनीतही काही फरक पडलेला नसतो. बदललेली असते ती केवळ कागदावरची खूण. ही वाढ कोणाच्या पदरात पडते, हा समाजवाद्यांनी विचारण्याचा प्रश्न आहे.

आता हा आराखडा ठरतो कसा, ते पाहू. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार प्रथम जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा तयार होतो. मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. कायद्याच्या दृष्टीने हरकत कोणीही घेऊ शकतो. व्यवहारात ती प्रामुख्याने घेतो तो जमिनीचा मालक. त्याच्यापाशी सातबारा असतो, वास्तुविशारद असतो, वकील असतो. भाड्याच्या खोलीत सहा जणांत राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलापाशी यांपैकी काय आहे? आराखडा तर वीस वर्षांसाठी असतो. म्हणजे ज्याच्या उमेदीची सारी वर्षे त्या नकाशात बांधली जाणार, तोच नकाशा आखताना गैरहजर असतो.

शिवाय आराखड्यात आरक्षण पडले म्हणजे मैदान मिळाले, असे नव्हे. दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही, तर ते आरक्षण व्यपगत होते. तोवर त्या मैदानाची वाट पाहणारी मुले खेळण्याचे वय ओलांडून कामाला लागलेली असतात.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. महाविद्यालयामागच्या वस्तीतील पंधरा-वीस मुलामुलींना घेऊन मी हरकत नोंदवली. मसुदा मी लिहिला, सुनावणीत मीच बोललो. मुले मागे उभी होती. वस्तीसाठी मी क्रीडांगण मागितले आणि आपण चांगले बोललो या समाधानात बाहेर पडलो. जिन्यात बारावीतली एक मुलगी म्हणाली, “सर, क्रीडांगणावर मुलं खेळतील. आम्हाला अभ्यासिका पाहिजे होती, आणि नाल्यावर पूल. क्लासवरून येताना अंधारातून केवढा वळसा पडतो! तुम्ही आम्हाला विचारलंच नाहीत.”

हरकत फेटाळली गेली, याचे दुःख झाले. पण ती मान्य झाली असती तरी त्या मुलीला काही मिळाले नसते, याची लाज अधिक वाटली. पुढचे तीन रविवार त्या मुलांनीच वस्ती फिरून नोंदी केल्या. पालिकेच्या नकाशात जेथे मोकळी जमीन दाखवली होती, तेथे अंगणवाडी भरत होती! मुलांना हे पाठ होते. पण तोवर मुदत संपून गेली होती.

मुंबईत याच गोष्टीचे मोठे रूप 2015 साली दिसले. प्रारूप आराखड्यावर साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून फेरआखणीचा आदेश दिला. सुधारित आराखडा 2018 साली मंजूर झाला. ज्या नागरिक गटांनी विद्यमान वापराच्या नकाशापासूनच चुका शोधल्या होत्या, त्यांच्यापाशी त्या वेळी बोलायला पुरावा होता.

तरुणांना नियोजनातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांना मी नवी मुंबईचे उदाहरण देतो. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही योजना 1965 साली ज्या तिघांनी मांडली, त्यांपैकी चार्ल्स कोरिया आणि शिरीष पटेल तेव्हा पस्तिशीच्या आतले होते. 1970 साली ‘सिडको’ स्थापन झाली. परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. ज्या 95 गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या गेल्या, त्या गावांतल्या तरुणांना कोणी आखणीच्या टेबलापाशी बोलावले नाही. त्यांचा आवाज उमटला तो रस्त्यावर. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. जे बोलणे आरंभी ऐकून घेता आले असते, त्यासाठी पाच माणसांना प्राण द्यावे लागले.

खेड्यात अठरा वर्षांच्या मतदाराला निदान ग्रामसभेत उभे राहून बोलण्याचा हक्क आहे. शहरात त्याला अशी सभाच नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या. पण महाराष्ट्रात त्या मुख्यतः नगरसेवकांच्याच आहेत. ही उणीव दूर करण्याची मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. मात्र कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही.

आपण काय करायचे? पहिली गोष्ट, प्रत्येक वस्तीत पाच-सात तरुणांचे अभ्यासमंडळ असावे आणि त्यात निम्म्या मुली असाव्यात. दुसरी, मंजूर आराखड्याची प्रत मिळवून आपल्या वस्तीतील प्रत्येक आरक्षणाची जागा प्रत्यक्ष पाहावी: किती क्षेत्र, आज तेथे काय आहे, दहा वर्षे केव्हा पुरी होतात. तिसरी, ही नोंदवही दर वर्षी अंदाजपत्रकापूर्वी नगरसेवकापुढे ठेवावी आणि संपादनासाठी किती तरतूद केली, हे विचारावे. शेवटची गोष्ट माझ्या वयाच्या साथींसाठी आहे. सुनावणीला जरूर जा. पण मागे उभे राहा.

घरे पाडायला यंत्र आले की आपण मोर्चा काढतो. तो काढलाच पाहिजे. पण ते यंत्र कोठे येणार, हे बहुधा कित्येक वर्षे आधी एका नकाशावर लिहिलेले असते. तो नकाशा वाचणारी मुले आपल्या पक्षात किती आहेत, याचा हिशेब पुढील अभ्यासवर्गात आपण सर्वांनी द्यावा, एवढीच विनंती करून मी थांबतो.