आकाशाची दाखल नोंदवही



ग्रंथालयातील एखादे पुस्तक गहाळ झाले, तर त्याची दुसरी प्रत कुठेतरी मिळण्याची आशा असते. आकाशाच्या बाबतीत ती आशा नसते. १९८७ च्या फेब्रुवारीत मोठ्या मॅगेलन मेघात एका ताऱ्याचा स्फोट झालेला दिसला. स्फोटापूर्वी तो तारा कसा होता, हे त्यानंतर कोणतीही दुर्बीण सांगू शकत नव्हती. ते सांगितले जुन्या निरीक्षणांनी. तो तारा निळा महाराक्षसी होता. असा स्फोट तांबड्या महाराक्षसी ताऱ्याचा व्हावा, ही रूढ अपेक्षा त्यामुळे डळमळली. कोणीतरी नोंद जपून ठेवली होती, म्हणून शास्त्र एक पाऊल पुढे गेले.

काचपट्टीवरचे छायाचित्र निदान डोळ्यांना दिसते. संगणकातील निरीक्षण मात्र आकड्यांची नुसती रांग असते. ती कोणत्या ताऱ्याची, कोणत्या रात्रीची, कोणत्या उपकरणाची, हे सोबत लिहिलेले नसेल तर ती मुकीच राहते. त्यातच १९७० च्या दशकात वेधशाळांच्या नोंदींच्या रीती निरनिराळ्या होत्या. एकीची चुंबकीय फीत दुसरीच्या संगणकाला सहज वाचता येत नसे. या अडचणीतून 'फिट्स' ही सामायिक लेखनपद्धती जन्मली. वेल्स, ग्रीसन आणि हार्टन यांनी ती १९८१ मध्ये प्रसिद्ध केली व १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तिला मान्यता दिली.

या पद्धतीत आकड्यांच्या आधी एक शीर्षभाग असतो. त्याची प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, म्हणजे त्या काळच्या छिद्रित कार्डाएवढी. दुर्बिणीचे नाव, लक्ष्याचे नाव, निरीक्षणाची तारीख हे सारे साध्या अक्षरांत लिहिलेले. वाचायला खास आज्ञावलीची गरज नाही. मजकुराचे गठ्ठे २,८८० बाइटांचे, म्हणजे २३,०४० बिटांचे असतात. या संख्येला ३६, ६० आणि ६४ या तिन्हींनी पूर्ण भाग जातो. त्यामुळे वेगवेगळ्या घडणीच्या यंत्रांना तो गठ्ठा सारखाच सोयीचा झाला.

परंतु या पद्धतीचे खरे मोल तिने पाळलेल्या एका वचनात आहे. एकदा ग्राह्य ठरलेली नोंद पुढील कोणत्याही सुधारणेने अग्राह्य ठरवायची नाही, हे ते वचन. प्रारंभी तारखेत वर्षाचे दोनच अंक लिहीत. २००० साल जवळ येताच १९९७ मध्ये चार अंकांचा नियम झाला. तरीही जुन्या नोंदी रद्द झाल्या नाहीत. त्यांतील वर्ष विसाव्या शतकातले समजावे, एवढेच ठरले.

या निष्ठेची किंमतही मोजावी लागते. शीर्षभागातील संज्ञांना आठ अक्षरांची मर्यादा आहे आणि आजच्या प्रचंड माहितीसाठी ही जुनी चौकट अपुरी पडते, अशी तक्रार आहे. ती खोटी नाही. तथापि नव्या सोयीसाठी जुना वाचक वाऱ्यावर सोडायचा नाही, हा या पद्धतीचा बाणा आहे. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपल्या प्राचीन हस्तलिखितांच्या संगणकीय प्रती दीर्घकाळ टिकविण्यासाठी आकाशनिरीक्षकांची हीच पद्धती निवडली, ती उगाच नव्हे.

जुन्या ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी ग्रंथाचे नाव, कर्ता आणि तारीख नेटकेपणाने लिहिली. तो हात आज अज्ञात आहे, पण ग्रंथ सापडतो. येणाऱ्या अनोळखी वाचकाविषयीची ही आस्था असेल, तरच संग्रहाचा वारसा होतो. मग तो ग्रंथांचा असो वा ताऱ्यांचा.