अमली पदार्थांचे खटले आणि अटकेपूर्वीचा जामीन

(कायदेविषयक जागृतीच्या ग्रामबैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्याच्या किनारपट्टीवर पर्यटनाचा हंगाम सुरू झाला म्हणजे घरातील एखादी खोली भाड्याने जाते, दारातील स्कूटर भाड्याने जाते आणि संसाराला चार पैशांचा हातभार लागतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु समजा, त्या खोलीत उतरलेल्या पाहुण्याजवळ गांजा सापडला आणि जबाब देताना त्याने घरमालकाच्या मुलाचे नाव घेतले. मुलगा त्या वेळी घरी नव्हता. सायंकाळी बातमी येते. आईच्या तोंडचे पाणी पळते, वडील वाटेत भेटेल त्याला विचारू लागतात, आणि जाणता म्हणून मिरवणारा एखादा गृहस्थ सांगतो, "पोराला चार दिवस मावशीकडे ठेवा, अटकपूर्व जामीन सहज होतो." या सल्ल्यातील पहिला भाग घातक आहे आणि दुसरा बहुधा खोटा.

अटकपूर्व जामीन म्हणजे अटक झालीच तर जामिनावर सोडावे, असा न्यायालयाने आगाऊ दिलेला आदेश. विधी आयोगाने 1969 च्या आपल्या 41 व्या अहवालात याची शिफारस केली. वजनदार माणसे प्रतिस्पर्ध्याची अब्रू घालविण्यासाठी त्याला खोट्या प्रकरणात गोवतात, हे त्यामागील एक कारण होते. त्यानुसार 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 438 आले. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 482 त्याच्या जागी आहे. अर्ज सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करावयाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1980 मध्ये गुरबक्षसिंग सिब्बिया प्रकरणात सांगितले की, प्रथम खबर नोंदली गेलेली नसली तरी अर्ज करता येतो. मात्र अटकेची नुसती धास्ती पुरत नाही, तिला सबळ आधार लागतो.

हा झाला सर्वसाधारण नियम. गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 याची गोष्ट निराळी आहे. या अधिनियमात अटकपूर्व जामिनाला शब्दशः मनाई नाही. परंतु 1989 च्या दुरुस्तीने कडक झालेले कलम 37 आडवे येते. वाणिज्यिक प्रमाणातील माल असेल, तर सरकारी अभियोक्त्याला विरोध करण्याची संधी द्यावी लागते. त्याने विरोध केल्यास, आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारणे आहेत आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करण्याचा संभव नाही, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. या अटी वाचावयास सोप्या वाटतात. पण तपासाला नुकता कोठे आरंभ झालेला असताना, जो माणूस चौकशीला सामोराही गेलेला नाही, तो निर्दोष असल्याची खात्री न्यायालयाने कशाच्या बळावर करावी? अटकेपूर्वीचा जामीन या खटल्यांत दुर्मिळ का, याचे उत्तर येथे आहे.

म्हणून वजनकाट्याला येथे फार महत्त्व. गांजा एक किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि 20 किलोंहून अधिक वाणिज्यिक प्रमाण. चरसाच्या बाबतीत हेच आकडे 100 ग्रॅम व एक किलो, तर हेरॉइनच्या बाबतीत पाच ग्रॅम व 250 ग्रॅम असे आहेत. वाणिज्यिक प्रमाणाच्या खाली कलम 37 च्या या जादा अटी सामान्यतः लागत नाहीत आणि अटकपूर्व जामिनाच्या अर्जाला खरा वाव तेथेच राहतो. मात्र अल्प प्रमाण म्हणजे ठाण्यावरच हमी देऊन सुटका, असे समजू नये. या अधिनियमाखालील सर्वच गुन्हे अजामीनपात्र आहेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये दिला.

आता त्या मुलाकडे वळू. त्याच्याजवळ काहीही सापडलेले नाही. नाव आले ते केवळ दुसऱ्याच्या जबाबात. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तोफानसिंग प्रकरणात ठरविले की, कलम 67 खाली अधिकाऱ्यांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य नाही. मग अटकपूर्व जामीन मिळावयास हवा, असे कोणालाही वाटेल. परंतु 2022 मध्ये हरियाणातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने असा दिलेला अटकपूर्व जामीन रद्द केला. तोफानसिंग निर्णयाचा लाभ नियमित जामिनाच्या वा अंतिम सुनावणीच्या वेळी मागता येईल, असे म्हटले. निरपराध मुलाच्या आईबापांना हे कठोर वाटणारच, आणि ते कठोर आहेही. त्यावर गोड बोलून पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

मुलाला लपविणे तर त्याहून वाईट. फरारी घोषित झालेल्या इसमाला अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही. शिवाय, मावशीनेही विचार करावा: अवैध व्यापारात गुंतलेल्याला आश्रय देणे हा कलम 27-अ खाली स्वतंत्र गुन्हा असून त्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. मुलगा निर्दोष ठरला तर प्रश्न नाही. पण ते ठरेपर्यंत तिच्याही दारात पोलीस उभे राहू शकतात.

घरमालकाची बाजू कलम 25 मध्ये येते. आपली खोली किंवा वाहन गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू दिले, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होते. 'जाणूनबुजून' हा शब्द येथे महत्त्वाचा. भाडेकरूच्या ओळखपत्राची प्रत, भाड्याची पावती, पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीची पोच, हे कागद घरात असतील तर वकिलाला न्यायालयापुढे ठेवावयास काहीतरी मिळते. नुसत्या शपथेवर फारसे भागत नाही.

तेव्हा बातमी येताच त्याच दिवशी वकील गाठावा आणि अर्ज करावयाचा की मुलाने स्वतः हजर होऊन नियमित जामीन मागावयाचा, हे मालाचे वजन व कागदपत्रे पाहून ठरवावे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना 1987 च्या कायद्यान्वये मोफत साहाय्य मिळते. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. मुलाला स्वतःलाच व्यसन जडले असेल, तर ती गोष्ट वकिलापासून लपवू नये. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी शासनमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेऊ लागला, तर कलम 64-अ खाली त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेतले जाऊ शकते.