‘बऱ्याच बायका’ म्हणजे किती?

(भाईंदर येथे आरोग्य-पाहणी करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



काल रात्री तुमच्या वह्या वाचत बसले होते. उत्तनची मासळी विकणारी बाई दिवसभर लघवीला जाता येणार नाही म्हणून पाणीच पीत नाही. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करणारी पाळीच्या दिवसांत खाडा करते आणि मजुरी बुडवते. किती मेहनतीनं लिहून आणलंय तुम्ही! मग त्यावरून तयार केलेला शोधनिबंधाचा मसुदा उघडला आणि पहिल्याच पानावर अडले. ‘बऱ्याच बायकांना त्रास होतो.’ बऱ्याच म्हणजे किती? आणि कितींपैकी?

तुमची परीक्षा घ्यायला विचारत नाहीये. पूर्वी आम्हीही असाच अहवाल लिहिला होता, वस्तीतल्या बायकांच्या अंगावरून जाण्याबद्दल. घेऊन गेलो एका कार्यालयात. साहेबांनी चाळला आणि विचारलं, “वस्तीत घरं किती? गेलात किती घरी? ज्या भेटल्या नाहीत त्यांचं काय?” आम्ही घरोघर फिरलो होतो, पण ते लिहिलंच नव्हतं. अहवाल तिथंच टेबलावर राहिला. परतताना साहेबांचा राग आला, नंतर स्वतःचाही आला.

म्हणून आज एक निबंध समोर ठेवते. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत पाहणी केली. तिच्यावरचा निबंध जानेवारी १९८९ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला. लेखकांत पहिलं नाव राणी बंग यांचं. तेव्हा बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी दप्तराला ठाऊक होतं. या निबंधानं सांगितलं, ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि याआधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के.

हे सगळं अवघ्या चार पानांत आहे. त्याची मांडणी बघा. आधी प्रश्न : खेड्यातल्या बायकांत हे आजार किती? मग पद्धत : कुठली गावं, कुठल्या बायका, तपासणी कशी केली. मग काय आढळलं. आणि शेवटी त्याचा अर्थ काय. हा क्रम शास्त्रज्ञांच्या शिष्टाचारासाठी नाही. वाचणारा शंकेखोर असतो, त्याची शंका ज्या क्रमानं येते त्याच क्रमानं उत्तर मिळतं. दवाखान्यात आलेल्या बायकाच मोजल्या असत्या, तर ‘आजारीच येतात, आजारच सापडणार’ म्हणून कोणीही निबंध बाजूला सारला असता. इथं मोजणी गावातल्या बायकांची होती.

आणखी एक. त्या ६५० पैकी ५५ टक्के बायकांनी तक्रार सांगितली, ४५ टक्क्यांना काही त्रास जाणवत नव्हता. म्हणजे बाईनं काय सांगितलं आणि तपासणीत काय निघालं, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. तुमच्या मसुद्यात त्या एकाच वाक्यात कालवल्या आहेत. तुम्ही लघवीची तपासणी केलेली नाही. तेव्हा ‘जंतुसंसर्ग आहे’ असं लिहू नका, ‘लघवीला जळजळ होते असं सांगितलं’ असं लिहा. त्यानं बाईचं म्हणणं हलकं होत नाही.

मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती जागा वेगळीच. स्त्रियांची गर्भनिरोधक साधनं आणि हे आजार यांचा संबंध त्या पाहणीत दिसला. आपल्यातल्या कितीजणींनी तिथंच घोषणा लिहिली असती! निबंधात लिहिलंय की संबंध आहे, पण एकूण आजारांतला थोडाच भाग त्यानं उलगडतो. आकड्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच. तुम्ही गाळ्यात काम करणाऱ्या आणि न करणाऱ्या बायकांची तुलना केलेली नाही, मग पाठदुखी ‘गाळ्यामुळेच’ हे वाक्य काढावं लागेल. माहीत आहे, जड जाईल. मालकाचा वकील सगळ्यात आधी तेच वाक्य उचलेल.

लांबीचा धाक बाळगू नका. डॉ. कमला सोहोनींना बाई म्हणून बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला होता, भांडून मिळवला. पुढे १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, ती चाळीसेक पानांच्या प्रबंधावर.

लिहायला बसाल तेव्हा मात्र पहिल्या पानापासून बसू नका. आधी तक्ते करा. मग पद्धत लिहा, ती ताजी आठवते तोवर : किती घरं, किती बायका भेटल्या, किती नाही म्हणाल्या, प्रश्न कुणी विचारले, सासू शेजारी बसली होती का. (हसू नका, सासू बसली असेल तर उत्तर बदलतं, आणि ते लिहायलाच हवं.) मग निष्पन्न, मग अर्थ. प्रस्तावना आणि सारांश सगळ्यांत शेवटी. राग अर्थाच्या भागात येऊ द्या, तक्त्यात नको. आणि ‘असे निदर्शनास आलेले आहे’ कशाला? ‘आम्ही विचारलं, त्यांनी सांगितलं’ असं लिहा.

नावं काढलीत, बरं केलंत. पण वहीत एका ठिकाणी ‘चर्चमागे राहणारी, तीन मुलींची विधवा’ असं आहे. उत्तनमध्ये तेवढ्यावरून पोरही तिचं घर दाखवेल. तिनं विश्वासानं सांगितलं, तिलाच महागात पडायला नको. निबंध छापायला देण्याआधी त्या बायकांना बसवून वाचून दाखवा. ‘असं नव्हतं बाई’ म्हणाल्या, तर दुरुस्त करा. आणि लेखकांच्या यादीत उन्हातान्हात फिरून अर्ज भरणाऱ्यांची नावं असू देत, फक्त इंग्रजी येणारीचं नको.

आता जेवणानंतर प्रत्येक गटानं एकच तक्ता करायचा आहे. डाव्या बाजूला प्रश्न, मधे किती बायकांना विचारला, उजवीकडे कितींनी ‘हो’ म्हटलं. ज्या रकान्यात आकडा सापडणार नाही तिथं तांबड्या पेनानं फुली मारा. संध्याकाळी त्या फुल्या मोजू, आणि कुणाला पुन्हा कुठल्या गल्लीत जावं लागेल ते ठरवू.